फॉर्मॅट मारण्याआधी

घरातला लॅपटॉप रखडू लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘फॉर्मॅट मारून टाका.’ शेजारचा इंजिनिअर मुलगा असो, ऑफिसातला जाणकार सहकारी असो की कोपऱ्यावरच्या दुकानातला कारागीर असो, हा सल्ला सगळे सारख्याच सहजतेने देतात. जणू माठ घासून उन्हात पालथा घालायचा आहे. माठातले पाणी ओतून दिले तर दुसऱ्या दिवशी नळाला पुन्हा येते. लॅपटॉपमधून जे ओतले जाते, ते पुन्हा येतेच असे नाही.

इंदूरमधल्या एखाद्या मराठी घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. आजोबा निवृत्त शिक्षक, वडील नोकरदार, आई घरी शिकवण्या घेणारी, मुलगी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. घरात लॅपटॉप एकच, तोही २०२१ मध्ये ऑनलाइन शाळेच्या धांदलीत घाईघाईने घेतलेला. मुलीचे प्रकल्प, आईच्या प्रश्नपत्रिका, वडिलांची आयकराची कागदपत्रे आणि लग्नमुंजींचे फोटो, सगळे त्याच एका पेटीत. त्यातच आजोबांच्या आठवणींची दोनशेहून अधिक टाइप केलेली पाने. ती त्यांनी नव्वदच्या दशकातल्या जुन्या संगणकावर लिहायला घेतली आणि प्रत्येक नव्या यंत्रावर जपून आणली. त्या पानांची दुसरी प्रत कुठेही नाही. सुरू व्हायला लॅपटॉप दहा मिनिटे घेतो, मधूनच पडदा निळा होतो आणि सगळे बंद पडते. दुकानदार म्हणतो, ‘‘अंकल, छोड़ जाइए, शाम तक फॉर्मेट मार देंगे.’’

असे घर प्रत्येक गावात आहे. म्हणूनच सकाळी लॅपटॉप सोडून संध्याकाळी घेऊन येण्यापूर्वी या कामात नेमके काय घडते, ते जाणून घ्यायला हवे.

ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने घालणे हा सगळ्या दुखण्यांवरचा उतारा नाही, हे आधीच सांगायला हवे. पंख्याच्या जाळीत धूळ बसून यंत्र तापत असेल, तर नवी विंडोजही तितकीच रखडते. चार जीबी मेमरीवर ब्राउझरची वीस पाने उघडण्याची सवय असेल, तर फॉर्मॅटनंतर आठ दिवस बरे वाटते आणि नवव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. सगळ्यात गंभीर प्रकार जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्कचा. तिच्यातून टकटक असा आवाज येत असेल, फाइल उघडायला मिनिट मिनिट लागत असेल, तर ती डिस्क शेवटच्या घटका मोजत असते. अशा डिस्कवर नवी विंडोज घालणे म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला नवा सदरा घालणे. तिथे पहिले काम एकच : जे काही हाती लागेल ते बाहेर काढून घेणे. त्यानंतर त्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर जुना लॅपटॉपही ओळखू येऊ नये इतका चपळ होतो. पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करावेत.

दुखणे यंत्राचे नसून आतल्या व्यवस्थेचे आहे, असे ठरले की मग पुनर्स्थापनेचा विचार. आजकाल त्याला आणखी एक कारण मिळाले आहे. २०१५ साली आलेल्या विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी एक वाढीव योजना आहे, पण तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. त्यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या नाहीत. विंडोज ११ साठी मात्र यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसरही मान्य यादीतला असावा लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. २०२१ चा लॅपटॉप या अटींत सहज बसतो. त्याहून बराच जुना असेल आणि काम फक्त ब्राउझर, पत्रे, बिले एवढेच असेल, तर लिनक्स मिंटसारखी मोफत व्यवस्था वापरून पाहायला हरकत नाही. नवे यंत्र घेण्याची घाई नको.

आता या गोष्टीतल्या दुसऱ्या पात्राविषयी, म्हणजे ड्रायव्हरविषयी. नाव ऐकून गाडीचा चालक डोळ्यांसमोर येतो, पण काम दुभाष्याचे आहे. लॅपटॉपमध्ये पडदा, आवाज, वाय-फाय, टचपॅड, कॅमेरा असे अनेक भाग असतात, ते वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवलेले असतात आणि प्रत्येकाची बोली निराळी असते. विंडोजला त्या सगळ्या बोली येत नाहीत. ड्रायव्हर नावाची छोटी प्रणाली मध्ये उभी राहून इकडचे तिकडे सांगते. दुभाषा नसेल तर भाग जागेवर असूनही मुका राहतो. दुभाषा चुकीचा असेल तर त्याहून वाईट, कारण बहुतेक ड्रायव्हर व्यवस्थेच्या अगदी गाभ्यात बसून काम करतात. तिथे एकाचा पाय घसरला की सगळा डोलारा कोसळतो, आणि निळा पडदा दिसतो तो बहुतेकदा यामुळेच.

ही फजिती मोठमोठ्यांची झालेली आहे. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू होते. व्यासपीठावर बिल गेट्स हजर. यंत्राला नुसता एक स्कॅनर जोडला, आणि भरसभेत पडदा निळा झाला. ती निदान हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट होती. १९ जुलै २०२४ ची नव्हती. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीचे एक सदोष अपडेट गाभ्यातल्या तिच्या ड्रायव्हरला पचले नाही आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एका दिवसात आडवे झाले. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. यंत्रे दुरुस्त करायला बसलेल्या तंत्रज्ञांना आणखी एक अडथळा आला, तो कुलपाच्या किल्लीचा. तेच कुलूप आज घरगुती लॅपटॉपवरही असते, आणि इंदूरच्या त्या घराला खरा धोका तिथेच आहे.

त्या घरातल्या मुलीने लॅपटॉप दुकानात न देता रविवारी स्वतःच काम करायचे ठरवले. कारणे दोन. एक तर आधार, पॅन, बँकेचे कागद आणि घरचे फोटो अनोळखी टेबलावर दिवसभर उघडे पडणार. दुसरे असे की काही दुकानांत मूळ विंडोज होम काढून तिच्या जागी ‘प्रो’ घालून देण्याची रीत आहे, आणि ती चालू करण्यासाठी चोरीची युक्ती वापरलेली असते. या युक्त्यांच्या पोटातून व्हायरसही घरात शिरतो. वास्तविक त्याची मुळीच गरज नसते. विंडोजसह विकत घेतलेल्या अलीकडच्या लॅपटॉपचा परवाना त्याच्या मदरबोर्डवरच नोंदलेला असतो. होम असेल तर होमच पुन्हा घालावी. इंटरनेट जोडले की ती आपली ओळख आपणच पटवून घेते. पंचवीस अक्षरी क्रमांक टाइप करण्याचे दिवस आता गेले.

काम सुरू करताना तिने आधी फाइलींची मोजदाद केली. वडील म्हणाले, ‘‘महत्त्वाचे सगळे समोरच आहे, डेस्कटॉपवर.’’ घोळ होतो तो नेमका इथेच. डेस्कटॉपवर दिसणारी फाइल पडद्यावर नसते, ती सी ड्राइव्हमध्ये असते. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे कप्पेही तिथलेच. फॉर्मॅटमध्ये सगळ्यात आधी पुसला जातो तो सी ड्राइव्ह. म्हणजे सगळ्यात जिव्हाळ्याच्या वस्तू माणूस उंबरठ्यावर ठेवतो आणि मग उंबरठाच धुवायला काढतो. डेस्कटॉपवरच्या काही चिन्हांवर ढगाचे चित्र असेल, तर ती फाइल वनड्राइव्हवर आहे, यंत्रात तिचा नुसता पत्ता आहे. अशा फाइली आधी उतरवून घ्याव्यात. वनड्राइव्हची मोफत जागा पाचच जीबी असते. ती भरल्यावर पुढच्या फाइली तिकडे जायच्या थांबतात आणि आपण मात्र ‘सगळे ढगात आहे’ या समजुतीत राहतो.

बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घ्यावी आणि ती घेतल्यावर दुसऱ्या यंत्रावर चार-सहा फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. नुसती नावे दिसणे पुरेसे नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, हिशेबाच्या प्रणालीचा डेटा, आउटलुकमध्ये उतरवलेली पत्रे यांची घरे निराळी असतात. ज्या प्रणालीत काम केले जाते, त्या प्रणालीतच ‘बॅकअप’ची सोय शोधावी. आणि एसएसडीवरून पुसलेली गोष्ट परत मिळेल या आशेवर तर मुळीच राहू नये. जुन्या हार्ड डिस्कवर पुसलेल्या फाइलींचे अवशेष बराच काळ राहत. एसएसडी मात्र रिकामी झालेली जागा स्वतःच झाडून ठेवते. तिथून काही परत आणणे तज्ज्ञांनाही बहुधा जमत नाही.

आता कुलूप. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ नावाची व्यवस्था मालकाला न विचारता चालू झालेली असते. डिस्कवरचे सगळे लिखाण सांकेतिक करून ठेवले जाते, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी चोराला काही वाचता येऊ नये. चांगलीच सोय आहे. तिची किल्ली ४८ अंकी असते आणि ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. रोजच्या वापरात ती कधी विचारली जात नाही, म्हणून ती आहे हेच कोणाला ठाऊक नसते. ती विचारली जाते बिघाडाच्या वेळी. आणखी एक फसवी गोष्ट अशी की हे कुलूप फक्त सी ड्राइव्हवर नसते, लॅपटॉपमधल्या डी ड्राइव्हवरही असू शकते. ‘डी ड्राइव्हला हात लावला नाही, तो सुरक्षित आहे’ असे म्हणून सी वर नवी विंडोज घातली जाते, आणि नवी विंडोज डी ड्राइव्ह उघडायला जाते तेव्हा तो ४८ अंक मागतो. किल्ली नसेल तर आतले सगळे कायमचे गेले. ती किल्ली मायक्रोसॉफ्टचे लोकही नव्याने बनवून देऊ शकत नाहीत.

त्या घरात पुढचा प्रश्न आला, मायक्रोसॉफ्टचे खाते कोणाचे? लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या पोऱ्याने ‘साहेब, एक ईमेल बनवून देतो’ म्हणत काहीतरी उघडले होते. घरातल्या कोणालाच ते आठवत नव्हते. शेवटी कपाटातून बिल निघाले आणि त्याच्या पाठीमागे पेनाने खरडलेला पत्ता सापडला. पासवर्ड नव्हता, पण मोबाइल क्रमांक वडिलांचाच दिला होता, त्यामुळे ओटीपी आला आणि खाते उघडले. आत किल्ली होतीच, शिवाय लॅपटॉपबरोबर फुकट मिळालेल्या ऑफिसचा परवानाही त्याच खात्याला बांधलेला होता. तो क्रमांक बंद झालेला असता तर दोन्ही गोष्टी हातच्या गेल्या असत्या. ज्या घरांत लॅपटॉप आहे त्यांनी हे एवढे तरी आजच पाहून ठेवावे : खाते कोणाच्या नावे आहे, त्याला जोडलेला क्रमांक चालू आहे का, आणि किल्ली कागदावर उतरवून कपाटात ठेवली आहे का. कागदच हवा. किल्लीची फाइल करून ती त्याच लॅपटॉपमध्ये ठेवणारेही लोक असतात.

विंडोज अजून उघडत आहे तोवर सेटिंग्जमध्ये जाऊन हे एन्क्रिप्शन बंदही करता येते. कुलूप उतरायला वेळ लागतो, कधी तासभर, मोठ्या फिरत्या डिस्कला त्याहून बराच जास्त. चार्जर लावून ठेवावा आणि ते पूर्ण होईपर्यंत पुढचे पाऊल टाकू नये. काम झाल्यावर ते पुन्हा चालू करून घ्यावे.

नवी विंडोज घालण्याचे मार्ग दोन. सोपा मार्ग यंत्राच्या आतच असतो, सेटिंग्जमधला ‘रिसेट धिस पीसी’. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडले तर वैयक्तिक फाइली राहतात, बाहेरून घातलेल्या प्रणाली जातात. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ म्हणजे नावाप्रमाणे सगळेच. इंटरनेटवरून ताजी प्रत उतरवून घेण्याचा पर्यायही तिथे असतो, त्याला सुमारे चार जीबी डेटा लागतो. फाइली राहतील असे आश्वासन असले तरी बाहेरची प्रत घेतल्याशिवाय हे बटण दाबू नये. या मार्गाचा मोठा फायदा असा की ड्रायव्हर बहुतेक जसेच्या तसे टिकतात. घरगुती दुखण्यांना एवढे औषध बहुधा पुरते.

दुसरा मार्ग पेनड्राइव्हचा. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ घेऊन निदान आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवायची. पेनड्राइव्हवर आधी जे असेल ते पुसले जाते, हेही लक्षात असावे. मुंजीचे फोटो या भानगडीतही जातात! मुलीने हा दुसरा मार्ग धरला, कारण निळा पडदा रिसेटनंतरही हटला नव्हता.

पेनड्राइव्ह बनवण्याआधी तिने लॅपटॉप उलटा करून त्याच्या पोटावरचा अनुक्रमांक मोबाइलने टिपून घेतला. निर्मात्या कंपनीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक घातला की नेमक्या त्याच यंत्राचे ड्रायव्हर समोर येतात. तिने वाय-फाय, टचपॅड, आवाज, ग्राफिक्स, चिपसेट आणि साठवणुकीचा असे सगळे दुसऱ्या पेनड्राइव्हवर भरून घेतले. हे काम आधी करावे लागते, कारण नंतर वाय-फाय नसते आणि वाय-फायचा ड्रायव्हर इंटरनेटवर असतो. विहिरीत पडलेल्या दोरासारखी ही गत आहे. ज्याला थोडे अधिक कळते त्याने विंडोजमधल्या ‘पीएनपीयुटिल’ या आज्ञेने चालू यंत्रातले बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये उतरवून ठेवावेत. आयत्या वेळी तो फोल्डर फार उपयोगी पडतो.

आता त्या रविवारचा मुख्य प्रसंग. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू झाले, भाषा विचारली, पुढे ‘विंडोज कुठे घालू?’ असा पडदा आला आणि यादी रिकामी! एकही डिस्क दिसेना. वडिलांचा चेहरा उतरला. अशा वेळी ‘डिस्क उडाली, नवी घालावी लागेल’ असे सांगणारे भेटतात आणि घाबरलेला माणूस खिशात हात घालतो. वास्तविक अकराव्या पिढीपासूनच्या अनेक इंटेल लॅपटॉपांत डिस्क ‘व्हीएमडी’ नावाच्या एका नियंत्रकाच्या मागे बसवलेली असते. विंडोजच्या स्थापनेच्या प्रणालीला त्याची बोली येत नसली तर तिच्या दृष्टीने तिथे डिस्कच नसते. त्याच पडद्यावर ‘लोड ड्रायव्हर’ असे बटण असते. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर दुसऱ्या पेनड्राइव्हवरून दाखवला की यादी भरते. फक्त तो ड्रायव्हर आधी मोकळा करून ठेवायला हवा. कंपनीकडून येतो तो बांधलेला पुडा असतो आणि इथे पुड्याच्या आतल्या सुट्या फाइली लागतात.

यादी भरली की दुसरा धोका. या लॅपटॉपात डिस्क दोन होत्या, एक छोटी एसएसडी आणि एक मोठी हार्ड डिस्क. पडद्यावर त्यांना नावे नसतात, फक्त शून्य आणि एक असे क्रमांक. त्यांवर विसंबू नये. आकार पाहावा. त्यातही २५६ जीबीची डिस्क तिथे साधारण २३८ अशी दिसते आणि एक टीबीची ९३१ अशी. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या, म्हणून हा फरक. डिस्क चोरीला गेलेली नसते. २३८ ची एसएसडी, तिच्यावरचे जुने भाग पुसायचे, आणि ९३१ ला बोटही लावायचे नाही, हे मुलीने कागदावर लिहून समोर ठेवले होते. घाईत ‘डिलीट’ दाबण्यासारखी दुसरी चूक या कामात नाही. ज्यांना धाकधूक वाटते त्यांनी जुना भाग न पुसता त्याच्यावरच विंडोज घालावी. मग जुन्या फाइली ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरात काही दिवस तरी राहतात. विसरलेली एखादी वस्तू तिथे सापडते.

एसएसडीवर हे काम अर्ध्या तासात होते, फिरत्या डिस्कवर दुपार जाते. चार्जर लावलेला असावा. बॅटरी मेलेली असेल आणि वीज जायची वेळ असेल, तर तो दिवस टाळावा. परीक्षेच्या किंवा विवरणपत्राच्या आदल्या रात्री तर हे काम कोणी सांगितले तरी काढू नये.

नवी विंडोज उठली की ती इंटरनेट मागते, आणि वाय-फाय तर मुके. विंडोज ११ होम इथे हटून बसते. घरात अँड्रॉइड फोन असेल तर त्याची केबल लॅपटॉपला लावून फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. बहुतेक वेळा यंत्र त्या तारेने जगाशी जोडले जाते. राउटरची तार लागत असेल तर तीही चालते. टचपॅडही अशा वेळी बहुधा झोपलेला असतो. म्हणून तारेचा साधा माउस हाताशी असावा, तो कुठेही चालतो.

पुढे ड्रायव्हरांची पंगत. चिपसेटला पहिले पान, कारण बाकीच्यांची ओळख तो करून देतो. मग ग्राफिक्स, आवाज, वाय-फाय, टचपॅड. मधे यंत्र दोन-तीनदा बंद-चालू करावे लागते, त्याचा कंटाळा करू नये. विंडोज अपडेट स्वतःही बरेच ड्रायव्हर आणते. त्यातले काही ‘ऑप्शनल अपडेट्स’ या कोपऱ्यात पडून राहतात, ते पाहावेत. शेवटी डिव्हाइस मॅनेजर उघडावा. एखाद्या नावापुढे पिवळे उद्गारचिन्ह असेल, तर तो भाग अजून मुका आहे. नाव ‘अननोन डिव्हाइस’ असले तरी घाबरू नये. त्याच्या तपशिलात ‘हार्डवेअर आयडी’ असतो, त्यातली पहिली चार अक्षरे म्हणजे निर्मात्याचे आडनाव. ८०८६ म्हणजे इंटेल. १९७८ साली ज्या ८०८६ प्रोसेसरने कंपनीचे नाव झाले, तोच आकडा तिने कुळाची खूण म्हणून घेतलेला दिसतो. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी. आडनाव कळले की घर सापडते.

‘तुमचे ३२ ड्रायव्हर जुने आहेत, एका क्लिकमध्ये दुरुस्त करा’ असे सांगणाऱ्या प्रणाली इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यांच्या नादी लागू नये. त्या बऱ्याचदा अनावश्यक कचरा भरतात, मग पैसे मागतात, आणि कधी चुकीचा दुभाषा आणून बसवतात. चांगला चाललेला ड्रायव्हर केवळ जुना आहे म्हणून बदलण्याचीही गरज नसते. निर्मात्याचे संकेतस्थळ आणि विंडोज अपडेट, एवढ्या दोन दारांवर भागते.

संध्याकाळी चार वाजता आवाज आला, कॅमेरा आला, पडदा लख्ख झाला, निळे काही दिसले नाही. बाहेरच्या डिस्कवरून फाइली परत आणल्या. आईच्या प्रश्नपत्रिका उघडल्या, फोटो उघडले. मग आजोबांची फाइल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्यांच्या खुणा आणि चौकोन यांची नुसती खिचडी दिसली. आजोबा काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले.

फाइल बिघडलेली नव्हती. हा मराठी घरांपुरता खास प्रश्न आहे आणि तो फॉर्मॅट करणाऱ्या कारागिराला बहुधा ठाऊक नसतो. युनिकोड घरोघर येण्याआधी मराठी लिहिले जाई ते श्री-लिपी, आकृती, शिवाजी, किरण अशा फॉन्टांत. या फॉन्टांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली होती. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षर किंवा एखादी खूणच असे, फॉन्ट त्याला ‘क’ किंवा ‘म’ चा मुखवटा चढवी. फॉन्ट राहतात सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फोल्डरात. फॉर्मॅटमध्ये ते गेले की मुखवटे उतरतात आणि खाली उरते ती खिचडी. विंडोजमध्ये मराठीची खरी सोय २००० सालच्या विंडोजपासून झाली. मंगल हा फॉन्ट तेव्हाचा. त्या पद्धतीने लिहिलेले लिखाण मात्र फॉन्ट बदलला तरी मराठीच राहते. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट सगळ्या यंत्रांवर आपोआप येत नाहीत. सेटिंग्जमध्ये देवनागरीची एखादी भाषा जोडली की ते उतरतात, तोवर निर्मला हा फॉन्ट वेळ मारून नेतो. मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये पूर्वीपासून आहे, आणि इंग्रजी उच्चारावरून मराठी लिहिण्याचा फोनेटिक कळफलक २०१९ पासून.

म्हणून जुन्या फॉन्टांतले लिखाण असेल तर फॉर्मॅटआधी दोन गोष्टी कराव्यात. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातून ते फॉन्ट उचलून फाइलींच्या शेजारीच ठेवावेत. आणि प्रत्येक फाइलची एक पीडीएफ प्रत काढावी. पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा आतच गुंडाळलेला असतो, त्यामुळे ती कोणत्याही यंत्रावर वाचता येते. सवड मिळेल तसे ते लिखाण परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणावे. जोडाक्षरांत आणि रफारांत चुका होतात, त्या नजरेखालून घालाव्या लागतात. पण ते एकदाच करायचे काम आहे.

मुलीने फाइली घेतल्या होत्या, फॉन्ट घेतला नव्हता. त्याचे नाव तेवढे वर्डच्या पट्टीत दिसत होते. शोधाशोध सुरू झाली. जुना संगणक कधीच भंगारात गेला होता. माळ्यावरच्या डब्यात त्याच्याबरोबर आलेल्या सीडी होत्या, पण लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. शेवटी वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातला जुना डेस्कटॉप कामी आला. तिसरी सीडी चालली. तिच्यातली फॉन्टची फाइल पेनड्राइव्हवर घेतली, लॅपटॉपवर डबल-क्लिक करून बसवली आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडले.

पहिले पान मराठीत आले. आजोबांनी चष्मा लावून ते सावकाश वाचले, दुसऱ्या परिच्छेदात ‘आणि’ चा ‘णि’ दीर्घ पडला होता तो दाखवला, आणि दुरुस्त करण्यासाठी खुर्ची पुढे ओढली. मुलगी तोवर पीडीएफची दुसरी प्रत काढून ती कुठे ठेवायची, याचा विचार करत होती.